घागऱ्याची हातशिलाई

माझ्या भाचीच्या साखरपुड्याच्या एकूण एक फोटोत मी आहे, आणि प्रत्येक फोटोत मी वाकलेली आहे.

मला कंबरदुखी नाही. (विचारणाऱ्यांना मी तसंच सांगते, ते सोडा.) मी चौथीपर्यंत शिकलेली, लाजाळू बाई. आम्ही नरोलीत राहतो. नवरा कंपनीत जातो, मी खोलीवर कपडे शिवते. गिऱ्हाइकाशीसुद्धा टेपकडे बघून बोलते. पण पल्लवीचा, म्हणजे माझ्या नणंदेच्या मुलीचा, घागरा मी हौसेने शिवला होता. खालचा घेर दुमडून मशीनची सरळ टीप मारली. साडेचार मीटर, दहा मिनिटांत!

साखरपुड्याच्या दिवशी टोकरखाड्याच्या हॉलवर, नवरीच्या खोलीत, नणंदबाईंनी तो घेर हातात धरून निरखला.

"मंगल, ही टीप बाहेरून दिसते गं!"

"ताई, मशीनची शिलाई कशी एकसारखी येते..." (हे मी मनात म्हटलं. तोंडातून फक्त "ताई" निघालं.)

"विहीणबाई शिवणकामात पटाईत आहेत. कापडाची उलटी बाजू आधी बघतात! पहिल्याच दिवशी पोरीला नावं ठेवतील. उसव ती टीप, हाताने कर."

"आत्ता?"

"मग काय बारशाला?"

पाहुणे वाटेत होते. पल्लवीचा मेकअप झालेला, अंबाड्यात पंचवीस पिना. घागरा उतरवायची सोयच नव्हती. ती खुर्चीवर, मी खाली. सेफ्टी पिनने टीप उसवली, घेर मांडीवर ओढला आणि दुहेरी दोऱ्याने बारीक टाके घालत सुटले. एक टाका जरी बाहेरून दिसला तरी लग्न मोडणार, असं मी धरूनच चालले होते! कापडापेक्षा बोटांनाच सुई जास्त टोचत होती. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. शेवटची वीतभर शिलाई तर मी श्वास न घेता केली.

"मुलीला आणा!"

पल्लवी उठली. मीही उठले. म्हणजे उठायला गेले आणि अर्ध्यातच अडकले. खांद्यावरून गुंडाळून घेतलेला माझा पदर मांडीवर पडला होता, आणि मी तो घागऱ्याला शिवून टाकला होता! वीतभर! दुहेरी दोऱ्याने!

"मामी, सोड ना!"

"अगं, मी धरलेलंच नाहीये!"

पल्लवीने हिसका दिला. एक टाका हलेना.

"कात्री कुठंय?"

कात्री मी आणतेच कुठे? दोरा दाताने तोडायची सवय. आणि उसवायची पिन आता पल्लवीच्या ओढणीला लागलेली. दारातून नणंदबाई ओरडत होत्या. त्यांना खरं सांगावं, तर त्या तिथेच आडव्या होतील.

"मामी, तू वाकूनच चल. घेर सावरतेयस असं वाटेल."

अशी मी भरल्या हॉलमध्ये शिरले.

"बेन, जरा खसो ने!" गुजराती फोटोग्राफर म्हणाला. सरकायचंच तर हवं होतं मला! मी नुसती हसले.

"बेन, खसो!"

मी आणखी हसले.

स्टेजवर पल्लवी उभी राहिली आणि मला सुचलं, दात आहेत की! मी गुडघ्यांवर बसले, घेर तोंडाशी आणला आणि दोरा दातात पकडला. तेवढ्यात विहीणबाईंचा आवाज आला.

"अगं बाई, मामी भाचीच्या पाया पडतेय!"

विहीणबाई जवळ आल्या. आता ही बाई घेर उलटा करणार, म्हणून मी डोळे घट्ट मिटले.

"भाचीच्या पाया पडायची रीत आता कोण पाळतं हो?" विहीणबाईंनी पदराने डोळे टिपले. "आणि पोरीला क्षणभर सोडत नाही बिचारी! पाठराखीण म्हणून हिलाच पाठवा."

पाठराखीण! म्हणजे लग्नानंतर नवरीबरोबर तिच्या सासरी जायचं, दोन-तीन दिवस अनोळखी माणसांत राहायचं, त्यांच्यासमोर जेवायचं, बोलायचं! मी दोरा दातात धरून मान डोलावली. (तोंड मोकळं असतं तरी तेवढंच केलं असतं.)

लग्न पुढच्या महिन्यात आहे. परवाच पल्लवीला बजावलंय, "निघताना माझा पदर तुझ्या शालूला चार टाक्यांनी शिवून टाक. सुटी राहिले तर अर्ध्या रस्त्यातून पळून येईन!"