अक्का, थंड आग आणि माझी करंगळी

दुपारी सव्वातीनला छायाचा फोन आला. छाया म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, दातांच्या दवाखान्यातली मदतनीस. वीसेक वर्षं तिच्या हाताखाली काढलेली. “सर, बाई उठंनात,” एवढंच म्हणाली. मंगळवार पेठेत अक्काचा दवाखाना आणि माझं घर यांच्यात दोनच गल्ल्या, मी अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. रोज दुपारी पेशंटची खुर्ची आडवी करून अर्धा तास डोळा लावायची तिची सवय होती. तशीच होती ती. चष्मा पोटावर, हातात कुठल्याशा लेखाची चार छापील पानं, त्यातल्या एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ अर्धीच ओढलेली... मी तिच्यावर खेकसलो. खरंच खेकसलो. “अक्का, ऊठ की! पेशंट बसल्यात बाहेर.” मग डॉक्टर आले आणि म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला असं मरण म्हणजे भाग्यच, असं त्या दिवशी मला किमान तीसजणांनी ऐकवलं. मला त्या प्रत्येकाचा राग आला.

दीड महिना झाला आता. रस्त्यात भेटणारे लोक तिच्या हलक्या हाताबद्दल बोलतात. होताच तिचा हात हलका, दाढ काढली तरी माणसाला समजायचं नाही. पण मला आठवते ती तिची प्रश्न विचारायची खोड. तिला प्रश्न पडायचे आणि पडलेला प्रश्न ती दुसऱ्याच्या गळ्यात मारायची. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल शिकवायचो, त्यामुळे तो गळा बहुतेक वेळा माझा असायचा. माझ्या वरातीत घोड्याजवळ येऊन तिनं विचारलं होतं, “सुध्या, जनरेटर एवढा थरथरतोय, मग बल्ब का थरथरत न्हाईत रं?” डोक्याला बाशिंग बांधलेल्या माणसाला हे विचारायचं! आणि उत्तर दिल्याशिवाय ती घोड्याचा लगाम सोडेना. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, आई लवकर गेल्यामुळे घरात तिचाच शब्द चालायचा, मग काय करणार... दिलं उत्तर.

चार-पाच वर्षांपूर्वी ती दातांच्या डॉक्टरांच्या एका परिषदेला बेंगळुरूला गेली होती. परत आली ती स्टेशनवरून थेट माझ्या दारात, बॅगेसकट.

“सुध्या, मी आगीत बोट घातलं.”

“भाजलं का?”

“न्हाय की! तेच तर सांगाय आलोय.”

तिथं एका टेबलावर पेनाएवढी नळी होती आणि तिच्या टोकाला जांभळट, इंचभर ज्योत. कोल्ड प्लाझ्मा म्हणतात म्हणे. ज्योतीत बोट धरलं तर गार वाऱ्याची झुळूक लागावी तसं लागतं, पण तिच्या वाटेत आलेले जंतू मरतात. दाताच्या मुळात केसाहून बारीक नळ्या असतात. रूट कॅनाल करताना तिथं सुई पोचत नाही, औषधही धड पोचत नाही, आणि तिथले जंतू राहिले की दात पुन्हा दुखतो. आयुष्यभर ही गोष्ट तिला छळत आलेली. ही ज्योत तिथं पोचेल का? चिघळलेल्या जखमांवर तर परदेशात डॉक्टर ती वापरायलाही लागलेत. हे सगळं एका दमात सांगून तिनं विचारलं, “आग आणि थंड कशी रं?” मी सांगितलं, ट्यूबलाइटच्या आत असतं तेच हे, फक्त उघड्यावर आणलेलं. वायूला जोरदार व्होल्टेज दिलं की त्यातले इलेक्ट्रॉन सुटतात आणि बेफाम पळतात. जत्रेत चार पोरांनी धुमाकूळ घातला तरी बाकीची गर्दी जागची हलत नाही, तसं बाकीचा वायू थंडच राहतो. त्या धुमाकुळातून जे तयार होतं ते जंतूंना मारतं. तिनं बॅग उचलली. मला वाटलं, समाधान झालं. तर म्हणाली, “मग आपण बनवू.”

आम्ही बनवलं. घरामागच्या शेडमध्ये मी ट्रान्सफॉर्मर गुंडाळला, काचेची नळी, तांब्याची तार, हेलियमचा सिलिंडर वाढदिवसाचे फुगे भरणाऱ्याकडून. तो फुगेवाला रोज विचारायचा, “म्याडम, एवढे कुणाचे वाढदिवस करताय?” आठ-दहा वेळा नुसत्या ठिणग्या उडाल्या, एकदा सगळ्या गल्लीची वीज गेली, शेजारच्यांनी माझा उद्धार केला. आणि एका सकाळी नळीच्या टोकाला ती आली. बोटाच्या पेराएवढी, जांभळी, शेडमध्ये पावसाळी वीज पडून गेल्यावर येतो तसा झणझणीत वास. अक्कानं टाळ्या वाजवल्या. सत्तरीतल्या बाईनं, एकटीनं, टाळ्या.

आता जंतू मरतात की नाही हे बघायचं कसं? आमच्याकडे कुठली प्रयोगशाळा? पण दही हेसुद्धा जंतूंचंच काम, हे तिच्या डोक्यात आलं. काचेच्या पट्टीवर विरजणाचा पातळ थर द्यायचा, त्यावर ज्योत फिरवायची, मग ती पट्टी वाटीभर कोमट दुधात बुडवायची. दही लागलं तर जंतू जिवंत, नाही लागलं तर मेले. सोबत दुसरी वाटी, जिच्या पट्टीवरच्या विरजणाला आम्ही हातच लावला नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर हात न लावलेलं घट्ट दही आणि आमच्या वाटीत दूध ते दूध! मी तडक नृसिंहवाडीला जाऊन पेढे आणले, गल्लीत वाटले. अक्कानं एक पेढा तोंडात टाकला आणि चघळता चघळता विचारलं, “वाट्या कुठं ठेवल्या होत्यास रं?” डिसेंबरची थंडी, विरजणाला ऊब हवी, म्हणून एक वाटी मी स्वयंपाकघरात गॅसजवळ ठेवली होती आणि आमची लाडकी वाटी, शेडमध्येच, ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर. ट्रान्सफॉर्मर चांगला चटका बसण्याइतका तापायचा. म्हणजे जंतू ज्योतीनं मेले की मी शिजवून मारले, कुणाला ठाऊक? ती हसत सुटली, तिला पेढ्याचा ठसकाच लागला. “बिचाऱ्यांना उकडून मारलंस आणि वर पेढे वाटलेस व्हय!”

त्यानंतर तिनं शिस्त लावली. वाट्या तीन. एकीला काही नाही, दुसरीला नुसता हेलियम, तिसरीला ज्योत. आणि तिन्ही एकाच डब्यात, शेजारी शेजारी. मी चिडायचो, नुसता वायू सोडलेली वाटी कशाला वाढवायची? ती म्हणायची, “ज्योतीबरोबर वारा पण जातोय की. वाऱ्यानं झालं का आगीनं, हे तुला कसं कळणार?” तसं महिनाभर केलं. ज्योतीची वाटी बहुतेक वेळा लागली नाही, वाऱ्याची प्रत्येक वेळी लागली. तेव्हा कुठं तिनं दुसरा पेढा खाल्ला. मग मी ट्रान्सफॉर्मर, मीटर आणि पेन, म्हणजे ती ज्योतीची नळी, एका पेटीत बसवले आणि अक्का ती पेटी दवाखान्यात घेऊन गेली. उपटलेले दात बाटलीत साठवून ती त्यांच्यावर ज्योत फिरवत बसायची. बिद्रीच्या एका गृहस्थाचा तंबाखूनं काळवंडलेला दात अर्धा पांढरा झाला, तर तो म्हणाला, “बाई, आता द्या परत, बसवतो.” जिवंत माणसाच्या तोंडात मात्र एकदाही नाही.

आणि मग माझी करंगळी. डाव्या पायाची. मला साखरेचा आजार जुना, पायाला बधिरपणा आलेला. नव्या कोल्हापुरी चपलेनं करंगळीच्या खाली चावलं आणि मला आठ दिवस पत्ताच नाही. कळलं तेव्हा जखम आत गेलेली. सर्जननी ती खरवडून साफ केली, औषधं दिली, रोज नीट ड्रेसिंग करा, पाय टेकू नका म्हणाले. महिन्याभरात भरायला लागली नाही तर बोट काढावं लागेल, असंही स्पष्ट सांगितलं. मी घाबरलो. बोट जातं, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत... माझ्या मामाचं तसंच झालं होतं. अक्का म्हणाली, ड्रेसिंग मी करते. मी साफ नाही म्हणालो. आमच्यात थोरल्या बहिणीचा हात धाकट्याच्या पायाला लागू देत नाहीत, पाप समजतात. लहानपणी पायात काटा मोडला तरी वडील काढायचे, अक्का फक्त दिवा धरायची. पत्नी जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा नाशिकला. छायाला पाठवते म्हणाली तर तेही नको, म्हाताऱ्याचा नासका पाय परक्या बाईनं का धुवावा? मी आपला वाकून, आरशात बघत, चाचपडत पट्टी बांधायचो आणि जखम वाढत होती.

तिसऱ्या आठवड्यात मी तिला म्हणालो, आपलं पेन लाव. ती म्हणाली, “दह्यावर चालतंय म्हणून भावावर चालवू? त्यांची यंत्रं तपासलेली असत्यात. आपलं तू शेडात गुंडाळलंयस.” मी भडकलो. नको ते बोललो. म्हणालो, “दुनियेचे दात सांभाळलेस, भावाचं एक बोट वाचवायची वेळ आली तर तुला वाट्या मोजायच्यात!” ती उठून गेली. तीन दिवस आली नाही, फोन नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी सातला दारात उभी, हातात पेनाची पेटी. म्हणाली, “आण पाय.”

अटी तिच्या. जखम आधी धुऊन, मेलेली कातडी काढून, कोरडी केल्याशिवाय प्लाझ्मा लागू होत नाही. नंतर तिच्याच हातची पट्टी, नाहीतर झालेलं काम वाया जातं. दिवसभर पाय खाली टेकला तर परिणाम शून्य. साखर वाढली तरी शून्य. प्लाझ्मासाठी म्हणून मी सगळं कबूल केलं. पायाचं विचारलं तर म्हणाली, “हे पायाला हात लावणं न्हवं, हा प्रयोग हाय.” बरोबर वाटलं मला ते. ती खाली पाटावर बसायची, माझा पाय मांडीवर घ्यायची, मधे टॉवेल धरायची. तो उजेड डोळ्याला वाईट म्हणे. एकदा मी म्हणालो, शेडमध्ये यायचा तसला वास येत नाही गं. “जखमेवर पॉवर कमी ठेवायची असती, शाणा हाईस,” असं म्हणून तिनं मला गप्प केलं. सर्जनकडे दर आठवड्याला तीच न्यायची. अडीच महिन्यांत जखम भरली. बोट आहे. आत्ता लिहिताना ते मोज्यात आहे, मी हलवून बघितलं.

मग मी गावभर सांगत सुटलो. मंडईत, रंकाळ्यावर, लग्नांत लोकांना मोजा काढून दाखवायचो. गल्लीतले दोघे-तिघे साखरवाले पावणे अक्काकडे गेलेसुद्धा. तिनं यंत्र बिघडलंय म्हणून सांगितलं आणि हाताला धरून सर्जनकडे नेलं. मला वाटायचं, बाई किती भित्री! पेपरात लिहितो म्हणालो तर एवढंच म्हणाली, “मी हाय तवर लिहू नको.”

मागच्या आठवड्यात छायानं दवाखान्यातून पेटी आणून दिली. म्हणाली, तुमची वस्तू तुम्हाला. मी ती जोडली. ट्रान्सफॉर्मर गुणगुणला, मीटरचा काटा बरोबर जागेवर गेला, हेलियम फुसफुसला. ज्योत नाही. अर्धा तास खटपट केली आणि शेवटी पेनाची मूठ उघडली. आत तार तोडलेली होती. तुटलेली नव्हे, तोडलेली. दोन्ही टोकं वेगळी करून, रबरात गुंडाळून, वर टाके घालायच्या काळ्या दोऱ्यानं बांधलेली. ती गाठ मी ओळखतो. माझ्या अक्कलदाढेला तिनं घातली होती तशीच. छायाला विचारलं, तर तिनं मान खाली घातली. “तुमच्याकडं पहिल्यांदा यायच्या आदल्या दिवशी तोडली बाईंनी. म्हणाल्या, सुध्या असा पाय द्यायचा न्हाय.”

मला आधी राग आला. फसवलंस म्हणून मोठ्यानं ओरडलोसुद्धा रिकाम्या शेडमध्ये. मग हसू आलं, मग दोन्ही थांबलं. ज्योत माझ्या जखमेला कधी लागलीच नाही. लागली असती तर काय झालं असतं? लवकर भरली असती? भाजलं असतं? मला ठाऊक नाही, आणि हा प्रश्न तिलाही नक्की पडला असणार. तिच्यासारख्या बाईला तो न विचारता अडीच महिने माझ्यासमोर बसणं किती जड गेलं असेल... मी तार पुन्हा जोडलेली नाही. पेटी टेबलावर आहे, काटा शून्यावर.

गुडघे दुखायचे तिचे. पाटावरून उठताना भिंतीला धरून उठायची. अडीच महिने, रोज सात वाजता, माझी थोरली बहीण माझा पाय मांडीवर घेऊन खाली बसली होती, आणि मी तो सगळा वेळ मीटरच्या काट्याकडे बघत होतो.