कॉम्प्युटरने पाठवलेलं धान्य

आम्ही फुलचूरला राहायचो तेव्हा मुलीच्या कॉम्प्युटरवर जुन्या राजांच्या लढाईचा एक खेळ होता. एका बाजूचं राज्य मी चालवायचे, दुसऱ्या बाजूचं कॉम्प्युटर. मी चौथी शिकलेली, तरी खेळ जमला. जिंकणं काही जमलं नाही. मग मुलीची बदली तिरोड्याला झाली. रविवारी कॉम्प्युटर तिच्यासोबत जाणार होता आणि त्याआधी मला त्याला एकदा तरी हरवायचं होतं.

शनिवारी खेळात माझं धान्य संपलं, तर शत्रूनेच धान्य पाठवलं, सोबत दोस्तीचा निरोप. आमच्याकडे ज्याच्या घरचं खाल्लं त्याच्याशी भांडत नाहीत. मी दोस्ती मान्य केली. या खेळात दोस्ताला किल्ल्याचं फाटक आपोआप उघडतं. त्याचं सैन्य आरामात आत आलं, मग त्याने दोस्ती तोडली आणि माझा राजवाडा जाळला.

"माय, काऊन केली त्याच्याशी दोस्ती?" मुलगी हसत होती.

"त्यानं धान पाठवलं ना वो."

"मग? सोयरा आहे का तो तुझा?"

रविवारी सकाळी मी पुन्हा बसले. त्याने पुन्हा धान्य पाठवलं. मी ते घेतलं, दोस्ती नाकारली आणि सारं सैन्य फाटकावर उभं केलं. किल्ल्यामागे दाट जंगल होतं, तिकडून कोण येणार? तो झाडं तोडत तिकडूनच आला.

"ऊठ माय, सामानाची गाडी आली."

"थांब. एक घर उभं आहे अजून माझं."

"तेही जळून राहिलं," म्हणत तिने बटण बंद केलं.