आप्पांवरचं वाक्य

"निरुत्साही. वाक्यात उपयोग करा," सुपरवायझर म्हणला. कुणी तोंड उघडायच्या आत त्यानंच बोट दाखवलं. "हा म्हातारा निरुत्साही आहे, म्हणून अजून झाडूच मारतोय."

बोट माझ्या बापाकडं होतं.

कोरेगाव भीमाजवळच्या कंपनीत मी पॅकिंगला, आप्पा झाडलोटीला. दोघंबी ठेकेदाराकडून. सकाळी शिफ्टच्या आधी सगळ्यांना रांगेत उभं करायचे. फळ्यावर एक शब्द. प्रेरणा, जिद्द, उमेद, असलं कायबाय. एकानं अर्थ सांगून वाक्य करायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. ह्याला मोटिव्हेशन म्हणत्यात, घ्या!

सुपरवायझर आमच्याच गावचा, बागायतदाराचा पोरगा. त्यांच्या शेतात आप्पांची उमर गेली. ह्याला सायकलवर पुढं बसवून शाळंत सोडायचे ते आप्पाच. चहा मिळायचा त्यांना, पण ओट्याखाली, वेगळ्या कपात.

टाळ्या पडल्या. बिहारच्या पोरांना मराठी कळत न्हाई, त्यांनीबी वाजवल्या. आन् आप्पांनी? झाडू काखेत धरला आन् हसत हसत स्वतःच टाळ्या वाजवल्या. काय सांगू तुम्हाला, काळीज तुटलं माझं. शिवी सोसली असती मी. बापाचं ते हसू न्हाई सोसलं.

घरी आल्यावर विचारलं, "आप्पा, तो काय म्हणला ते कळलं का?"

"कळलं की. न वाजवून करतो काय? तुझंबी काम जायचं."

म्हंजी माझ्यासाठी हसले. भांडी घासता घासता लई रडले मी.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी. फळ्यावर 'प्रेरणा'.

"बोल गं. अर्थ सांग."

"सांगते साहेब. आधी आप्पांची माफी मागा. सगळ्यांसमोर."

"डोकं फिरलं काय तुझं?"

"व्हय, फिरलं."

मागून आप्पा म्हणत होते, "पोरी, गप बस." मी गप बसले न्हाई. त्यानं माझा गेटपास काढून घेतला. आप्पांचाबी घेतला. दोघांचंबी काम गेलं.

आता आप्पा माझ्याशी धड बोलत न्हाईत. जा, त्याच्या पाया पड, एवढंच म्हणत्यात. माझा बापच माझ्यावर रुसलाय. लई दुखतं.

तरी सकाळी मी कंपनीच्या गेटवर जाते. त्याची गाडी आली की आडवी उभी राहते. आता 'मागा' म्हणत न्हाई. माझ्या बापाची माफी माग, म्हणते. वॉचमन हाताला धरून बाजूला काढतो. उद्याबी काढंल. मी परवाबी जाणार.