जगदेवच्या मृदंगाची पूड

"गोजरा सोता ज्वारी खाते अन् मृदंगाले गहू चारते," असे केनवडच्या बाया विहिरीवर घागर बुडवताना म्हणत. शेजारची प्रयागबाई त्यात भर घाली, "अन् थेही फुकट! शाळेतल्या पोराइची चाकरी करून राह्यली."

बोलणे अगदीच खोटे नव्हते. मृदंगाच्या डाव्या तोंडाला वाजवण्यापूर्वी ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. त्याशिवाय तो घुमत नाही. ज्वारीचे पीठ तिथे धरत नाही. गोजराबाईच्या घरी गव्हाची पोळी सणालाच होई. पण दर गुरुवारी आणि शनिवारी ती मूठभर गहू दळी, कणीक भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळी आणि मृदंग खांद्याला अडकवून शाळेची वाट धरी.

मृदंग तिच्या जगदेवचा होता. नवरा तरुणपणीच गेल्यावर हा एकच मुलगा तिने शेतात राबून वाढवला. देवळातल्या भजनात तो वाजवायला बसला की म्हातारी माणसे माना डोलवीत. कणीक मात्र त्याला आईच्याच हातची लागे. एकोणीसशे अठरा सालच्या मानमोडी तापाच्या साथीत तो तीन दिवसांत गेला. एकोणीस वर्षांचा होता. त्यानंतर पाच वर्षे मृदंग खुंटीवर होता.

मग शाळेवर जानराव मास्तर बदलून आले. त्यांनी येताना स्वतःची पेटी आणली होती. शाळा सुटल्यावर ते दहा-बारा मुलांना भजने शिकवू लागले; पण पेटीला जोड नव्हती. ते गोजराबाईच्या दाराशी आले आणि मागणे तोंडातून निघेना म्हणून बराच वेळ पिकापाण्याचे बोलत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "मृदंग पाह्यजे ना? देतो. पण आणीन मी, कणीक लावीन मी, घरी नेईन मी. अन् गट्ठे कोणी ठोकाचे नाई."

गट्ठे म्हणजे मृदंगाच्या अंगावरच्या चामडी वाद्यांखाली बसवलेले लाकडी ठोकळे. ते ठोकले की पूड, म्हणजे तोंडावर मढवलेले कातडे, ताणली जाते आणि आवाज चढतो. पण ही पूड जुनी झाली होती; ताण बसला असता तर फाटली असती. उजव्या तोंडावरच्या या पुडीच्या काळ्या शाईत, जगदेवची बोटे जिथे पडत तिथे, एक उथळ खळगा झाला होता. मृदंग खुंटीवरून उतरवताना गोजराबाईचा अंगठा आपोआप त्या खळग्यात जाई.

वर्गात ती खांबाला टेकून बसे. कणीक नीट बसली की नाही हे पाहण्यासाठी ती दोन्ही तोंडांवर एकेक थाप देई. त्या घुमाऱ्यात तिला जे ऐकू येई, ते दुसऱ्या कोणाला येण्याचे कारण नव्हते. पुढे ती मुलांत गुंतत गेली. कोणाची मात्रा चुकली की जिभेने चुक् करी. कोणाचे बोट सोलले तर तेल लावी. तांड्यावरून कोसभर चालत येणाऱ्या हेमसिंगचा हात सगळ्यांत तयार होता. "हा पोट्टा बोलते कमी अन् वाजवते जास्त," असे ती मास्तरांना सांगे.

मृदंग पेटीच्या सुराखाली राही. मास्तरांनी दोनदा पूड बदलण्याचे सुचवले. "पूड चांगली हाये," एवढेच उत्तर मिळे. वाद्य तिचे, दुसरे घेण्याची शाळेची ऐपत नाही. मास्तर पुन्हा पेटीकडे वळत.

दुसऱ्या वर्षी मालेगावला शाळांच्या भजनांचा मेळा ठरला. गोजराबाई बैलगाडीत मृदंग मांडीवर घेऊन बसली. मंडपात पहिल्याच भजनाला पेटी एकीकडे आणि मृदंग एकीकडे अशी गत झाली. हेमसिंगने जसजसा जोर लावला तसतसा आवाज आणखी ढब्ब निघू लागला. मागून कोणी ओरडले, "काबे, मृदंग हाये का पाण्याची पखाल?" मंडप हसला. दुसरा म्हणाला, "पखाल नाई, पोट्ट्याचा हातच फुटका हाये!"

गोजराबाईला माहीत होते, हात फुटका नाही. तिने पदर तोंडावर घेतला.

त्यानंतर हेमसिंग शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी ती तांड्यावर गेली. त्याची आई धनीबाई दारात शेणी थापत होती.

"ढोरं घेऊन गेला होता, आत्ताच आला. म्हणते, वाजवणं सोडलं."

हेमसिंग बाहेर आला. त्याने आपला उजवा तळवा उलटापालटा करून पाहिला.

"माह्या हातात नाई थे, माय. उगाच तुह्या जगदेवचं नाव खराब केलं मी."

दोष त्याचा नव्हता हे सांगायला एकच वाक्य पुरे होते. ते ती बोलली नाही. सांगितले असते तर मग पूडही बदलावी लागली असती. धनीबाईने दिलेले पाणी पिऊन ती परत फिरली. वाटेत एकदा बांधावर बसली. उठली तेव्हा ऊन कलले होते.

दुसऱ्या दिवशी, बाजार नसताना, ती मृदंग घेऊन एकटीच मालेगावला चालत गेली. वाद्ये मढवणाऱ्या लखमाने वाद्या सैल केल्या आणि जुनी पूड अलगद उतरवली. ती उन्हात धरून तो म्हणाला, "कोन्या वस्तादाचा हात लागला हाये इले. नेतं का घरी?"

तिने ती हातात घेतली. खळग्यात अंगठा ठेवला, काही वेळ तसाच राहू दिला. मग पूड त्याच्या फळीवर ठेवून म्हणाली, "नवी घट्ट ताण. गट्ठे ठोकून दे."

शनिवारी तिने मास्तरांकरवी हेमसिंगला बोलावून घेतले. सगळ्या मुलांसमोर म्हणाली, "तुह्या हातात खोट नोयती. पूड मेली होती, अन् मले माहीत होतं." मग कणीक थापली आणि नेहमीच्या दोन थापा दिल्या. आवाज स्वच्छ आणि उंच, पेटीला जाऊन मिळणारा निघाला. त्यात जगदेव कुठेच नव्हता. तिने मृदंग हेमसिंगपुढे सरकवला आणि खांबाला टेकून बसली. हेमसिंग वाजवत होता, मुले गात होती, मास्तर हसत होते. गोजराबाई कणकेचे हात पदराला पुशीत होती आणि ते स्वच्छ झाल्यावरही पुशीतच राहिली.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. विहिरीवर प्रयागबाईने तिला सगळ्यांदेखत गाठले.

"काहून वं गोजरा, एवढी एकच तं पोराची निशाणी होती तुह्यापाशी. परक्याच्या पोरापायी तेही टाकून आली?"

गोजराबाईने घागर डोक्यावर घेतली, चुंबळ नीट केली, आणि म्हणाली, "वाजत नोयती थे निशाणी. बदलली."