भोंग्यावरची हजेरी

“शाळेच्या वाटंवरच्या बाभळी तोडायला अर्धं गाव जमलं! आपले पोस्टमन तर कवाचे कुऱ्हाड चालवून राहिले!”

देवळाच्या भोंग्यावरून गावचा दवंडीवाला ओरडत होता. पोस्टमन मीच, आणि मी घरी बाजेवर पडून होतो.

गावाच्या बातम्या तोच देतो. आवाज असा, की तो आमच्या कुरुंद्यात बोलला तर लांबच्या हट्टा गावातली म्हैस पान्हा सोडते. फक्त बातमी घडायच्या आधीच येते, आणि मग लाजेपायी ती घडवावी लागते.

मी कुऱ्हाड घेऊन धावलो. तिथं माझ्यासारखेच भोंग्यावर आपलं नाव ऐकून पळत आलेले वीसजण धापा टाकत होते. दुपारी लेकरांची वाट मोकळी झाली, तेव्हा तो हात हलवत आला.

“आमाला पळवलं, अन् तू काहून न्हाई आला?” मी विचारलं.

“माझं नाव कुणी पुकारलंच न्हाई,” तो म्हणाला.