वातड मांस आणि दोन बहिणी

बर्नाबाश रेल्वेतून निवृत्त झाला आणि थेट स्वयंपाकघरात शिरला. त्याची बायको एतेल्का हिच्या मते त्या वर्षी सोल्नोक शहरात याहून वाईट काही घडलं नसेल.

जन्मभर या माणसाने बटाटा सोलला नव्हता. एतेल्का गणवेशाच्या कारखान्यात दिवसभर शिवणाच्या मशीनवर पाय मारून यायची आणि घरी येऊन रांधायची, तेव्हा हा वर्तमानपत्रामागून "झालं का?" एवढंच विचारायचा. आता मात्र त्याला स्वयंपाकातलं सगळं कळायला लागलं होतं. निमित्त होतं त्याच्या आईचं. हेर्मिनाबाई गावाकडे घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या मुलाकडे राहायला आल्या. जेवणाला त्यांनी पहिल्याच आठवड्यात नाट लावला. कवळी टोचते म्हणून एतेल्का त्यांना खिमा करून घालायची, तर त्यांनी ताटली सरकवून दिली.

"मी काय मांजर आहे? मला सुरीने कापायचं मांस हवं."

"मी करतो आई," बर्नाबाश म्हणाला. "तू माझ्या लहानपणी करायचीस ना, तसाच. जाड काप, आतून गुलाबी, काटा लावला की तुटणारा."

चांगल्या कापाचं मांस परवडत नव्हतं, म्हणून त्याने फऱ्याचं, खांद्याकडचं स्वस्त मांस आणलं. हे रश्शाचं मांस आहे, असं खाटकाने बजावूनही आणलं. रविवारी सकाळी त्याने ते लाकडी हातोड्याने इतकं बडवलं की खालच्या मजल्यावरच्या माणसाने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. मग कडकडीत तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी परतून त्याने ते ऐटीत वाढलं. हेर्मिनाबाईंनी पहिला घास बराच वेळ तोंडात घोळवला, मग बाहेर काढून ताटलीच्या कडेला ठेवला आणि त्यावर रुमाल झाकला.

"तुझ्या बापाच्या बुटाचा तळवा याहून मऊ होता," त्या म्हणाल्या.

इथे तरी थांबावं की नाही? पण किवी फळाने मांस मऊ होतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं. त्याने किवी कुस्करून त्यात काप मुरत घातले आणि शुक्रवारपासून रविवारपर्यंत त्यांच्याकडे फिरकलाच नाही. झाकण काढलं तर आत लगदा. "म्हणजे पुन्हा खिमाच," हेर्मिनाबाई म्हणाल्या. त्यापुढच्या वेळी व्हिनेगर आलं. मांस करडं पडलं, पडदेसुद्धा आंबट वास मारायला लागले आणि आत वातडपणा होता तसाच होता.

"अरे, वाटलेली मोहरी चोळ, परतून घे, थोडं पाणी घाल आणि झाकण ठेवून मंद आचेवर सोड," एतेल्का म्हणाली.

"झाकण? मग ते कालवण झालं. हा स्टेक आहे, एतेल्का. तुला त्यातलं कळत नाही."

"मला कळत नाही. बरं. आणि तव्याची काजळी खरवडायचं तेवढं मला कळतं, होय?"

"तू ते खाल्लं नाहीस. मी या तोंडाने खाल्लंय, आईच्या हातचं."

बोलता बोलता एतेल्काचं लक्ष सासूकडे गेलं. एरवी दुधात भिजव, ब्रँडी ओत, असे खुर्चीतून हुकूम सोडणारी बाई खिडकीबाहेर बघत मूग गिळून बसली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांचे केस विंचरताना एतेल्काने विषय काढला. "आई, खरं सांगा. तुम्ही ते मांस कसं करायचात?"

"केस ओढू नकोस."

"आई."

"मी तसं कधी केलंच नाही," हेर्मिनाबाई शेवटी म्हणाल्या. "माझं मांस नेहमी वातडच व्हायचं. हा खायचा ते इल्काकडे, आणि आठवतो माझं म्हणून."

एतेल्काच्या हातातला कंगवा थांबला. इल्का म्हणजे हेर्मिनाबाईंची धाकटी बहीण. त्यांच्या आईची शिवणाची मशीन इल्काने नेली, एवढ्यावरून दोघींचं बोलणं तुटलं ते तीसेक वर्षं तुटलेलंच.

"आणि इतके रविवार तुम्ही गप्प बसून होतात?"

"त्याने विचारलं कुठे?"

एतेल्काने डोक्याला हात लावला. मग तिने स्वयंपाकघराचं दार लावून इल्कामावशीला फोन केला. मावशींनी आधी विचारलं, "आहे का ती अजून?" एतेल्काने सगळं रामायण सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "हे सांगून जमायचं नाही. मी येते."

"नको मावशी, फोनवरच सांगा ना," एतेल्का म्हणाली, पण तोवर फोन ठेवलेला होता.

शनिवारी इल्कामावशी बसने आल्या. एप्रनमध्ये गुंडाळलेलं पातेलं मांडीवर धरूनच त्यांनी सगळा प्रवास केला होता. पातेल्यात फऱ्याचेच काप होते. मांसाच्या रेषांना आडवे कापलेले, मोहरी, तेल आणि मिरी चोळून तळघरात मुरवलेले. त्यांनी कोट काढला आणि शेगडीचा ताबा घेतला. डुकराच्या चरबीत काप तांबूस होईपर्यंत परतले, बाजूला काढले, त्याच चरबीत कांदा आणि भरपूर गाजर टाकलं, तमालपत्र, वाटीभर पाणी, पुन्हा मांस आणि वर झाकण.

"झाकण?" दारातून बर्नाबाश म्हणाला.

"झाकण. आणि तू बाहेर."

"पण मावशी, आतून गुलाबी असायचं ते."

"माझ्याकडे खायचास त्यातलं ते गाजर होतं, बाळा."

बर्नाबाश हॉलमध्ये जाऊन बसला. दुपारभर घरात वास दरवळत राहिला. पण जेवायची वेळ झाली तरी हेर्मिनाबाई खोलीबाहेर येईनात. त्या बाईच्या पंगतीला बसणार नाही, असं त्यांनी आतून सांगितलं. इल्कामावशी म्हणाल्या, "नको येऊ दे, माझं काही अडलेलं नाही." आता मात्र एतेल्काचा बांध फुटला.

"पुरे झालं," ती दोन्ही खोल्यांत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "एकाने माझे तवे जाळले, एकीने तोंड शिवून घेतलं, एक सांगूनही न ऐकता येऊन बसली. मी पाच मिनिटं थांबते. मग हे पातेलं जसंच्या तसं खालच्या मजल्यावर नेऊन देते. त्या बिचाऱ्याने हातोडा ऐकलाय, त्याचा हक्क आहे."

आतल्या खोलीतून हेर्मिनाबाईंचा वॉकर सरकल्याचा आवाज आला.

हेर्मिनाबाईंनी सुरी उचलली, पण लागली नाही. काट्यानेच तुकडा सुटला. त्यांनी खाल्ला. दुसरा घेतला. बर्नाबाश एकटक त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या आणि पाव रश्शात बुडवला.

"तुझ्या जिभेला कधी पुरलंय?" इल्कामावशी म्हणाल्या.

मग हेर्मिनाबाईंनी मान वर न करता विचारलं, "मशीन चालते का?"

"कसली चालते. गंजली. मला कुठे शिवता येतं?"

"मग नेलीस कशाला?"

"तुला हवी होती म्हणून."

आयुष्यभर मशीन चालवून कंबर मोडलेल्या एतेल्काने हातातला काटा खाली ठेवला. आणि त्या दोघी तर चक्क हसत होत्या. आधी इल्कामावशी, मग हेर्मिनाबाई, कवळी सांभाळत.

इल्कामावशींची परतीची बस त्या दिवशी चुकली आणि नंतरही चुकत राहिली. हेर्मिनाबाई दोन्ही वेळा जेवायला लागल्या, अंगावर जरा मांस चढलं. आता शेगडीपाशी एकीचा हात मिठाच्या डब्याकडे जातो आणि दुसरी डबा उचलून घेते. मधे उभं राहून बर्नाबाश दोघींना सल्ले देतो. एतेल्का कपबशी घेऊन बाल्कनीत जाते आणि दार ओढून घेते. ते दार नीट लागत नाही. बर्नाबाशला तिने ते दुरुस्त करायला कितीदा सांगितलंय.