वर्गात बसते का?

लेक शिक्षण अर्धवट सोडेल, ही धास्ती काही केल्या जात नाही. दिवसभर ती दवाखान्यात लोकांचं रक्त तपासणीसाठी काढते आणि घरी आली की ओट्याला टेकून मोबाइलवर पदवीचे तास ऐकते, कारण रेंज तिथेच येते. ऑनलाइन शिकणाऱ्यांनाही सरकारी मदत मिळणार, असं जाहीर झालं. ती मिळाली तरच तिचं पुढचं वर्ष.

अर्जात विचारलं होतं, 'विद्यार्थी रोज वर्गात बसतो का?' माझ्या सरळमार्गी लेकीने 'नाही' लिहिलं. अर्ज नामंजूर!

आज खिडकीवरचा कारकून तिला म्हणाला, "ताई, घरी बसणाऱ्यांना कसली मदत?"

"घरी बसून शिकते, काका. नुसती बसत नाही."

"मग बाकाचा फोटो आणा!" म्हणत तो खो खो हसला.

ऑनलाइन पदवीला मान्यता यांचीच आणि बाकही यांनाच हवा! लेक म्हणते, "आई, जाऊ दे ना." तिचं हे 'जाऊ दे'च मला खातंय. तिचं उत्तर खरं होतं, प्रश्नच चुकीचा होता. नामंजुरीच्या पत्राखाली मोठ्या साहेबांचा नंबर आहे. उद्या दहाच्या ठोक्याला मी तो लावणार आणि तो प्रश्न त्यांनाच मोठ्याने वाचायला लावणार.